पाणी नेलेलं खोरं

कॅलिफोर्नियाच्या पूर्व अंगाला, नेवाडा राज्याला खेटून, इन्यो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे २६,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे सात गोवे आरामात मावतील एवढं. आणि २०२० च्या जनगणनेत माणसं भरली १९,०१६. अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेतली सर्वांत उंच जागा याच काउंटीत आहे आणि सर्वांत सखल जागाही. माउंट व्हिटनी ४,४२१ मीटर उंच. बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. दोहोंमधलं हवाई अंतर १३६ किलोमीटर.

कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी या भागाला अनोळखी नाहीत. नाताळच्या सुट्टीत डेथ व्हॅली ‘करून’ येणारे पुष्कळ, आणि ३९५ क्रमांकाच्या हायवेने मॅमथला बर्फात खेळायला जाणारे त्याहून जास्त. पण त्या हायवेवरच्या लोन पाइन, इंडिपेंडन्स, बिग पाइन आणि बिशप या चार गावांत गाडी थांबते ती पेट्रोल आणि स्वच्छतागृहापुरती. लॉस एंजेलिसजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्यानेही हा रस्ता असाच कितीदा तरी पार केला होता. या वेळी मी हट्टच धरला, की मॅमथ राहू दे, इथेच उतरत उतरत फिरू. ऑक्टोबर होता. त्याचं कारण शेवटी सांगतो.

डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात बहुतेक जण आधी बॅडवॉटर गाठतात. आम्ही आधी दान्तेज व्ह्यूला गेलो, आणि माझ्या मते क्रम हाच असावा. १,६६९ मीटर उंचीवरचा हा कडा आपल्या कळसूबाईपेक्षा तेवीस मीटरच उंच आहे, आणि इथे गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. पण कळसूबाईवरून खाली भातखाचरं दिसतात, धरणाचं पाणी दिसतं. इथे कड्याखालची जमीन उतरत उतरत समुद्राच्याही खाली गेलेली, आणि तळाला पसरलेलं पांढरं मीठ. समोर टेलिस्कोप पीक, ३,३६८ मीटर. मिठावर एक बारीक, जास्त पांढरी रेघ ओढल्यासारखी दिसते. ती बॅडवॉटरला उतरलेल्या पर्यटकांनी तुडवून केलेली वाट आहे, हे खाली गेल्यावर कळलं.

खाली एक लहानसं डबकं आहे, झऱ्याचं. पाण्यात मीठ इतकं की सर्वेक्षण करणाऱ्या कोणाच्या तरी खेचराने त्याला तोंड लावलं नाही आणि त्यावरून ‘बॅडवॉटर’ नाव पडलं, असं सांगतात. या पाण्यात एक इवलीशी गोगलगाय राहते. लाकडी फळ्यांवरून पुढे गेलं की मीठ सुरू होतं: आधी मळकट, पायांनी घोटून गुळगुळीत झालेलं; अर्धा किलोमीटर आत गेल्यावर पांढरं, आणि बहुकोनी खणांच्या कडा वर उचललेल्या. कडेचा तुकडा बोटाने मोडतो. जिभेवर ठेवला तर मीठच, जरा कडवट. मागे वळून कड्याकडे बघितलं की बऱ्याच उंचीवर एक पाटी लावलेली दिसते: समुद्रसपाटी. ती शोधायला मान चांगलीच वर करावी लागते.

१० जुलै १९१३ रोजी इथून जवळ फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. काही हवामानतज्ज्ञ या आकड्यावर शंका घेतात, पण जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी पृथ्वीवरचा उच्चांक म्हणून तोच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या माहिती केंद्रासमोरच्या थर्मामीटरपाशी फोटो काढायला मुद्दाम येणारे लोक असतात. हौसेला मोल नसतं हे खरं, पण उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नका असं पार्कवाले बजावतात, ते उगाच नाही. याच दिवसांत, जुलैमध्ये, बॅडवॉटरपासून व्हिटनी पोर्टलपर्यंत २१७ किलोमीटरची धावण्याची शर्यत होते. डांबराची धग बुटातून लागते म्हणून धावपटू रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून पळतात, असं भाच्याने सांगितलं. त्याच्या ऑफिसातल्या एकाला त्यात भाग घ्यायचा आहे. मी काही बोललो नाही.

पाऊस वर्षाला सरासरी पाच-सहा सेंटिमीटर. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या शेपटाने फर्नेस क्रीकला एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस पाडला. एवढ्या पावसाने मुंबईत लोकलसुद्धा उशिरा धावत नाही. इथे वर्षभराचा पाऊस एका दिवसात झाला, रस्ते वाहून गेले आणि पार्क सुमारे दोन महिने बंद राहिलं. बॅडवॉटरच्या मिठावर तळं साचलं. पुढच्या फेब्रुवारीत आणखी पाऊस होऊन ते भरलं आणि काही आठवडे लोकांना त्यात कयाक चालवायला परवानगी होती. हिमयुगात इथे खरोखरच मोठं सरोवर होतं. त्याला आज लेक मॅन्ली म्हणतात, आणि हे मीठ त्याच्यासारख्याच आटत गेलेल्या पाण्यांचं आहे.

हार्मनी बोरॅक्स वर्क्सचे अवशेष फर्नेस क्रीकजवळच आहेत. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. कॅरमवर टाकायची बोरिक पावडर त्याच्यापासूनच होते. १८८३ ते १८८८ या काळात चिनी मजूर हा खार जमिनीवरून खरवडून गोळा करत, आणि अठरा खेचरं व दोन घोडे जुंपलेल्या जोडगाड्या तो २६५ किलोमीटरवरच्या मोहावी स्टेशनला पोचवत. एका खेपेला दहा दिवस. शेवटी जोडलेली गाडी फक्त पाण्याच्या टाकीची. तिथे ठेवलेल्या गाडीचं मागचं चाक माझ्यापेक्षा उंच होतं. ‘वीस खेचरांची गाडी’ हे चित्र पुढे साबणाच्या जाहिरातीत अजरामर झालं. खार खरवडणाऱ्या चिनी मजुरांची नावंसुद्धा उरली नाहीत. टिंबिशा शोशोनी लोक या दरीत पूर्वापार राहत होते. त्यांना इथे स्वतःची अशी जमीन कायद्याने मिळाली ती २००० साली.

स्टोव्हपाइप वेल्सजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्योदय बघायला सगळे जातात, आम्हीही गेलो, गर्दी फार. रेसट्रॅक या कोरड्या तळ्यावर आपोआप सरकणाऱ्या दगडांचं मात्र मला कुतूहल होतं. रस्ता इतका खराब आहे की भाच्याने गाडी न्यायला साफ नकार दिला. दगड कसे सरकतात हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं: थंडीत तळ्यात थोडं पाणी साचून रात्री पातळ बर्फ धरतो, उन्हाने तो फुटला की हलक्या वाऱ्याने बर्फाचे मोठे पापुद्रे सरकतात आणि दगडांना ढकलत नेतात. मागे चिखलात रेघ राहते. त्याआधी कित्येक वर्षं लोक कसलेकसले तर्क लढवत होते.

रस्ता क्रमांक १९० पश्चिमेला निघतो, पॅनामिंट दरीत उतरतो, पुन्हा चढतो, आणि शेवटी समोर सिएरा नेवाडाची भिंत उभी राहते. तिच्या पायथ्याशी ओवेन्स खोरं. खोऱ्यात शिरताना डावीकडे एक अफाट, सपाट, तुकड्यातुकड्यांचा मैदानी भाग लागतो. काही तुकड्यांत वीतभर पाणी, काहींत खडी पसरलेली, काहींत खारं गवत. भाच्याला वाटत होतं की मिठागरं आहेत. हे ओवेन्स लेक, म्हणजे त्याचं कलेवर.

१८७०च्या दशकात या सरोवरात आगबोट चालत असे. पूर्वेकडच्या डोंगरातल्या सेरो गोर्डो खाणीतली चांदी ‘बेसी ब्रेडी’ नावाच्या बोटीतून पलीकडच्या काठाला जाई. १९२६ पर्यंत सरोवर कोरडं पडलं. त्याचं पाणी पुरवणारी ओवेन्स नदी लॉस एंजेलिसने उचलली होती.

ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढे जे जे बघायला मिळतं ते सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. लॉस एंजेलिस शहर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फुगत चाललं होतं आणि त्याच्या नदीचं पाणी पुरत नव्हतं. शहराचा माजी महापौर फ्रेड ईटन १९०५ च्या सुमारास या खोऱ्यात फिरून जमिनी आणि पाण्याचे हक्क खरेदी करू लागला. त्याच वेळी संघराज्य सरकारची एक पाटबंधारे योजना खोऱ्यासाठीच चर्चेत होती. शेतकऱ्यांना वाटलं हा माणूस त्याच कामासाठी आला असावा. कळेपर्यंत उशीर झाला. कालवा बांधला विल्यम मुलहॉलंडने. हा आयर्लंडहून आलेला, लॉस एंजेलिसात पाटकरी म्हणून पाटातला गाळ काढण्यापासून सुरुवात केलेला, अभियांत्रिकी स्वतःच वाचून शिकलेला माणूस. १९०८ ते १९१३ मध्ये त्याने ३७५ किलोमीटरचा कालवा पुरा केला. वाटेत डोंगर, वाळवंट, दऱ्या. आणि तरी सगळं पाणी नुसत्या उतारावर वाहत जातं, एकही पंप नाही. अभियंत्याच्या नजरेने बघितलं तर थक्क व्हावं. भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. तो थक्क झालाच.

लोन पाइनच्या उत्तरेला हायवेच्या वर थोड्या अंतरावर अलाबामा गेट्स नावाची काँक्रीटची साधीशी दारं आहेत. १६ नोव्हेंबर १९२४ रोजी खोऱ्यातल्या साठ-सत्तर जणांनी ती ताब्यात घेतली, उघडली, आणि लॉस एंजेलिसला निघालेलं पाणी पुन्हा नदीच्या कोरड्या पात्रात सोडून दिलं. चार दिवस ते तिथे बसून होते. बायाबापड्या जेवण घेऊन आल्या, मांस भाजलं गेलं, जत्राच भरली. जवळच टॉम मिक्स या काउबॉय नटाचं शूटिंग चालू होतं, त्याने वाजंत्री पाठवली असंही सांगतात. पुण्याजवळ मुळशीत सेनापती बापट धरणासाठी जाणाऱ्या जमिनींकरिता लढत होते तो काळ हाच, १९२१ ते २४. मुळशीच्या धरणाची वीज मुंबईला गेली, इथलं पाणी लॉस एंजेलिसला. दोन्हीकडे शहरच जिंकलं. इथे पुढे कालव्यावर सुरुंगही लागले. पण १९२७ मध्ये शेतकऱ्यांचं नेतृत्व करणाऱ्या वॉटरसन बंधूंची बँक बुडाली आणि लढा मोडला. मुलहॉलंडचं पुढे काय झालं? त्याने बांधलेलं सेंट फ्रान्सिस धरण मार्च १९२८ मध्ये फुटलं, चारशेवर माणसं मेली, आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली.

शेतकऱ्यांची बाजू सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते. हे शेतकरी येण्याआधी पायूट लोक याच खोऱ्यात पाट खणून रानकंदांच्या माळांना पाणी देत होते. गोरे पशुपालक आले, गुरं त्या माळांवर सोडली, लढाया झाल्या, आणि १८६३ मध्ये लष्कराने पायूटांना शेकडो किलोमीटर दूर हाकलून नेलं. त्यातले बरेच पुढे परत आले आणि आपल्याच जमिनीवर मजुरी करू लागले. पाणी चोरलं म्हणून ओरडणाऱ्यांनीही ते कोणाकडून तरी घेतलेलंच होतं. इंडिपेंडन्सच्या ईस्टर्न कॅलिफोर्निया म्युझियममध्ये पायूट आणि शोशोनी बायकांनी विणलेल्या टोपल्या आहेत. त्यांची वीण इतकी घट्ट की पाणी ठरावं. या खोऱ्यात दुसरं काही बघितलं नाही तरी त्या बघाव्यात.

आता लॉस एंजेलिस शहराच्या पाणी आणि वीज खात्याच्या मालकीची इन्योत सुमारे अडीच लाख एकर जमीन आहे. खोऱ्याचा बहुतेक सगळा तळ. बाकी वनखातं, राष्ट्रीय उद्यान, लष्कर, आदिवासी. खासगी मालकीची जमीन काउंटीत दोन टक्केही नाही. म्हणून इथे बंगल्यांच्या वसाहती नाहीत, मॉल नाहीत, डोंगरासमोर होर्डिंग नाही. मैलोन् मैल खुरटी झुडपं आणि मागे तीन किलोमीटर उंचीची उघडी भिंत. पर्यटन खात्याच्या पत्रकांत याला ‘जपलेला निसर्ग’ म्हणतात. मला ते पटत नाही. हे जपलेलं नाही, उरलेलं आहे. पण त्या उरलेल्याचा उपभोग मीही मनसोक्त घेतला, हे कबूल. आणि ओवेन्स लेकच्या धुळीने खोऱ्यातल्या लोकांच्या छातीचं वाटोळं केल्यावर, कोर्टकचेऱ्या होऊन, शहराला तिथे खडी आणि पाणी पसरायला दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च करावा लागला, हेही नोंदवायला हवं. त्या वीतभर पाण्यात आता स्थलांतरी पाणपक्षी उतरतात. पक्षीनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येतात. नदीच्या खालच्या शंभर किलोमीटर पात्रातही २००६ पासून थोडं पाणी सोडलं जातं.

लोन पाइन हे छोटं गाव. इथूनच व्हिटनी बघायचा, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते: गावातून सर्वांत उंच दिसतं ते लोन पाइन पीक, कारण ते जवळ आहे. व्हिटनी उजवीकडे, मागे, दातेरी सुळक्यांच्या रांगेत दडलेला. आपण एकटेच फसलो असं वाटायला नको. क्लॅरेन्स किंग हा नावाजलेला भूवैज्ञानिक १८७१ मध्ये व्हिटनी समजून भलतंच शिखर चढून आला होता. तो चूक दुरुस्त करायला परत येईपर्यंत, ऑगस्ट १८७३ मध्ये, गावातले तीन मासेमारीवाले खऱ्या शिखरावर जाऊन आले.

गाव आणि सिएराच्या मध्ये अलाबामा हिल्स. तांबूस, गोलसर, एकावर एक रचल्यासारखे खडक. दगड सिएराचाच, ग्रॅनाइटच्या जातीचा. पण जमिनीखाली गाडलेला असताना ओलाव्याने त्याचे कोपरे झिजले, आणि वरची माती वाहून गेल्यावर हे गुळगुळीत आकार उघडे पडले. मोबियस आर्चच्या कमानीतून व्हिटनीचा फोटो काढायला सकाळी रांग लागते. आपल्याला रस असावा तो वेगळ्याच कारणाने. ‘गंगा दीन’ हा १९३९ चा हॉलिवूडपट, किपलिंगच्या कवितेवरून काढलेला, इथे चित्रित झाला. भारताचा वायव्य सरहद्द प्रांत म्हणून हेच खडक उभे केले. कालीचं मंदिर, ठगांचा गुरू, झुलता पूल, सगळं इथे. भिश्ती गंगा दीन झाला होता सॅम जॅफे हा न्यूयॉर्कचा नट, तोंडाला रंग फासून. ‘फिल्मइंडिया’ मासिकातून बाबूराव पटेलांनी अशा साम्राज्यभक्त चित्रपटांवर लेखणी परजली होती ती विनाकारण नव्हे. गावातल्या वेस्टर्न चित्रपटांच्या संग्रहालयात ‘गंगा दीन’चं कौतुक भिंतभर आहे. चारशेच्या वर चित्रपट या टेकड्यांत झाले. ‘आयर्न मॅन’मधलं अफगाणिस्तानही इथलंच. हा डोंगर स्वतः म्हणून पडद्यावर क्वचितच येतो. बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणत्या तरी जागेचं काम करतो.

व्हिटनीला जायचं तर वाट व्हिटनी पोर्टलपासून, २,५५० मीटरवरून. जाऊन-येऊन ३५ किलोमीटर. एका दिवसात जाणाऱ्या शंभर आणि मुक्काम करणाऱ्या साठ जणांनाच रोज परवाना मिळतो, आणि त्यासाठी फेब्रुवारीत सोडत असते. आपली विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. हा नियम वाचून आमचा उत्साह निम्मा झाला होता. अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवायचं. पण परवान्याशिवायही लोन पाइन लेकपर्यंत जाता येतं, साधारण साडेचार किलोमीटर. सुरुवातीलाच वळणं मोकळ्या उतारावर आहेत. मग पाइनची सावली, ओढ्यावर ओंडक्यांचे पूल. तीन हजार मीटरवर तळं. हवा विरळ होते ते पायांना आधी कळतं. माझा वेग बघून भाचा म्हणाला, “मामा, घाई नाहीये, सिंहगड नाही हा.” मी थांबलो ते पाणी प्यायला, असं त्याला सांगितलं.

लोन पाइन आणि इंडिपेंडन्सच्या मध्ये, हायवेला लागूनच, मंझानार. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ सफरचंदाची बाग. आणि इथे खरोखर सफरचंदाच्या बागा होत्या, लॉस एंजेलिसने जमिनी विकत घेईपर्यंत. शहराचीच ही ओसाड जमीन १९४२ मध्ये लष्कराने घेतली आणि जपानी वंशाच्या दहा हजारांवर माणसांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. त्यांच्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. अशा दहा छावण्या देशभर होत्या; अपराध सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

लाकडी बराकी पुन्हा बांधल्या आहेत. आत गेलं की एका बराकीचे चार खण, आणि वीस बाय पंचवीस फुटांच्या एका खणात आठ माणसं. एका कुटुंबात पाचच असतील तर तीन अनोळखी. ओल्या लाकडाच्या फळ्या वाळून आक्रसल्या, फटी पडल्या, लाकडातल्या गाठी गळून भोकं झाली आणि खोऱ्यातली धूळ सरळ आत. ती भोकं लोकांनी डब्यांची पत्र्याची झाकणं ठोकून बुजवली. दाखवायला म्हणून जमिनीवर तशी गोल झाकणं ठोकलेली आहेत. मी एकावर पाय ठेवला, ते किंचित वाजलं. स्वच्छतागृहात आडोसे नव्हते, हे इथे नुसतं लिहिलेलं नाही. ओळीने मांडलेली भांडी समोर दाखवलेली आहेत. आणि याच माणसांनी इथे कारंजी, पूल, दगडांची उद्यानं उभी केली. मातीखालून ती आता पुन्हा उकरून काढताहेत. रात्री पहारेकऱ्यांचा डोळा चुकवून काही जण कुंपणाखालून सटकायचे, सिएराच्या ओढ्यांत ट्राउट पकडायचे आणि परत यायचे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध संपताना, अशाच एका मासेमारीच्या चमूबरोबर डोंगरात गेलेला एक चित्रकार वादळात सापडून मेला. त्याचे अवशेष ट्रेकर्सना २०१९ मध्ये दिसले.

दफनभूमीत पांढरा मनोरा आहे, १९४३ मध्ये कैद्यांनीच बांधलेला, त्यावर तीन जपानी अक्षरं. पायाशी कागदी बगळ्यांच्या माळा, नाणी, खडे. दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे यात्रा भरते.

बिग पाइनवरून पूर्वेला व्हाइट माउंटन्समध्ये रस्ता चढतो. वर तीन हजार मीटरला शुल्मन ग्रोव्ह. ब्रिसलकोन पाइनची झाडं. पहिल्या नजरेला वाटतं मेलेली आहेत: पिळलेली, सालं सोललेली, वाऱ्याने पॉलिश केलेली खोडं. नीट बघितलं की सालीची हातभर रुंद एक पट्टी दिसते, आणि तिच्या टोकाला हिरवा झुपका. तेवढ्या पट्टीवर झाड जगतं. १९५७ मध्ये एडमंड शुल्मनने इथलं एक झाड मोजलं. आज त्याचं वय सुमारे ४,८५० वर्षं धरतात. मेथुसेला म्हणतात त्याला. कोणतं ते सांगत नाहीत, पाटीही लावलेली नाही, कारण लोक ढलप्या काढून नेतील. गंमत म्हणजे सर्वांत म्हातारी झाडं सर्वांत वाईट जागी आहेत: पांढऱ्या डोलोमाइटच्या निकस जमिनीत, जिथे दुसरं काही उगवत नाही, म्हणून वणवा पसरत नाही आणि संथ वाढीने लाकूड इतकं घट्ट होतं की बुरशी-किडीचं चालत नाही. जिवंत आणि मेलेल्या खोडांची वर्तुळं जुळवून आठ हजारांवर वर्षांची मालिका तयार झाली, आणि तिच्याशी ताडून पाहिल्यावर कार्बन-१४ च्या तारखा चुकताहेत हे लक्षात आलं. जगभरच्या उत्खननांचा कालक्रम दुरुस्त करावा लागला. दीड किलोमीटरची सोपी फेरी आहे आणि सातेक किलोमीटरची लांब; लांबच घ्यावी, मेथुसेला तिथेच कुठे तरी आहे.

बिशप हे त्यातल्या त्यात मोठं, चार हजारांच्या आतलं गाव. इथे बास्क मेंढपाळांच्या पद्धतीचा गोल पाव मिळतो, बेकरीत झुंबड असते. मे अखेरीस खेचरांची जत्रा. बटरमिल्क भागातल्या घरासारख्या धोंड्यांवर दोराशिवाय चढणारी तरुण पोरं पाठीवर गादी बांधून फिरतात; पडलंच तर तिच्यावर. बिशप क्रीकच्या वरच्या अंगाला अ‍ॅस्पेनची पानं पिवळीजर्द झालेली होती आणि प्रत्येक झाडाखाली एक कॅमेरा होता. तळ्यांवर गळ टाकून बसलेल्यांत निवृत्त मंडळी जास्त. त्यांच्याकडून कळलं की ट्राउट इथली मूळची नाहीच, सोडलेली आहे. मूळच्या माशांपैकी एक म्हणजे बोटाच्या पेराएवढा ओवेन्स पपफिश. १९६९ च्या ऑगस्टमध्ये गावाच्या उत्तरेची पाणथळ आटायला लागली तेव्हा फिल पिस्टर या मत्स्यखात्याच्या माणसाने उरलेसुरले सगळे मासे, सुमारे आठशे, दोन बादल्यांत भरून दुसऱ्या पाण्याकडे नेले. काही वेळ ती अख्खी जात त्याच्या दोन हातांत होती.

तर ऑक्टोबर कशासाठी? डेथ व्हॅलीला नोव्हेंबर ते मार्च उत्तम, पण तेव्हा ब्रिसलकोनचा रस्ता बर्फाने बंद असतो. तो मेच्या मध्याला उघडतो आणि साधारण नोव्हेंबरात मिटतो. जुलै-ऑगस्टला डोंगर चांगले, पण खाली भट्टी. दोन्ही एका फेरीत हवं असेल तर ऑक्टोबर, नाही तर मेची अखेर. ऑक्टोबरातही डेथ व्हॅलीत दुपारी ३५ अंश सहज होतात, तेव्हा तिथलं फिरणं सकाळी उरकावं. ब्रिसलकोनच्या वाटेवर पेट्रोल नाही आणि वर प्यायचं पाणीही नाही. दोन्ही बिग पाइनलाच भरून घ्यावं. मोबाइलचा भरवसा नाही, नकाशा आधी उतरवून ठेवावा. मंझानारला तासभर पुरेल असं समजून जाऊ नये, अर्धा दिवस ठेवावा. आणि मुक्काम लोन पाइनला असेल तर पूर्वेकडची नव्हे, पश्चिमेकडे तोंड असलेली खोली मागावी: सूर्य उगवताना उजेड आधी व्हिटनीच्या माथ्यावर पडतो, गावात यायला त्याला वेळ लागतो.